मुकाट्याने प्यालेला काढा

“येसूबाई, आमच्या गोळ्यांखेरीज पोटात दुसरं काही जातंय का? खरं सांगा!”

“न्हाई जी...”

येसूबाईने मान खाली घातली. मिरजेच्या त्या दवाखान्यात ती आली तेव्हा तिच्या गालांवर नि नाकावर तांबडे चट्टे पेटले होते, बोटं सुजून मिटत नव्हती. आता डोळेही हळदीसारखे पिवळे झाले होते.

डॉक्टर तिच्या नवऱ्याकडे, धनाजीकडे वळले. “ह्या रोगाला ल्युपस म्हणतात. शरीराला राखणारी शक्तीच शरीरावर उलटते. आधी कातडी, सांधे, आता यकृत... तुम्ही काळीज म्हणता ते. गोळ्यांनी उतार पडायला हवा होता, पण कावीळ वाढतेय! बाहेरचं काही पोटात जात असेल, तर ती वाचायची नाही.”

येसूबाईला सासूचा काढा आठवला. रोज सकाळी तिची सासू हरणाबाई माधवनगरहून पदराखाली तांब्या झाकून येई आणि काविळीवरचा रानपाल्याचा काढा तिला मायेने पाजी. दवाखान्यात चालायचं नाही, म्हणून दोघी गप्प होत्या. ते औषधच वैरी असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं!

दुसऱ्या दिवशी तांब्या पुढे आला, तेव्हा ती कळवळून म्हणाली, “आत्याबाई, आज नगं. मळमळतंय.”

हरणाबाईने तांब्या तिच्या ओठांशी नेला. “माझी कृष्णी बी असंच म्हनली हुती गं! काढा थुकला आन् कावीळ तिला घिऊन गेली... एक लेक गेली, आता तू बी जानार व्हय?”

सत्य सांगावं? पण ते ऐकून ही माउली जगेल? आईविना वाढलेल्या आपल्याला जिने पोटाशी धरलं, तिच्या माथी हा कलंक लावायचा?... येसूबाईने डोळे मिटले आणि काढा घशाखाली उतरवला.

“काय पितीस?”

दारात धनाजी उभा होता, मागे डॉक्टर!

“मीच मागिवला,” ती घाईघाईने म्हणाली. “आत्याबाईंला ठावं न्हाई कशाचा त्यो...”

डॉक्टरांनी तांब्या हुंगला. “हेच! हेच यकृत जाळतंय!”

हरणाबाईने तांब्या आपल्याकडे ओढला. “खोटं बोलती ती! म्या पाजला... रोज म्याच पाजला!”

“आये!” धनाजी किंचाळला. “कृष्णीला बी ह्योच काढा पाजून खाल्लीस, आता हिला बी? जा! पुन्हा तोंड दावू नगंस!”

ती माउली भिंतीचा आधार घेत निघून गेली. येसूबाईने डॉक्टरांच्या हातातली गोळी दूर सारली.

“त्यांला आना. तवर म्या गोळी घ्यायची न्हाई.”

“येसू, मरशील!”

“मरू द्या! त्यांनी मारायला न्हाई, जगवायला पाजला. तुमी मातूर त्यांला जित्तेपनी मारलंसा!”

सारा दिवस तिने ओठ मिटून घेतले. ताप चढला, ग्लानी आली, पण हट्ट ढळला नाही. शेवटी धनाजी धावला... मिरज स्टेशनच्या बाकावर आई बसलेली होती. एकामागून एक गाड्या सुटल्या, पण सुनेला टाकून तिचा पाय निघाला नव्हता!

“आये, चुकलो गं! चल... तुझ्याबिगर ती जगत न्हाई.”

हरणाबाई खाटेपाशी आली, पण हात मागेच ठेवून. “शिवू नगंस, बाय... हे हात पापी हायती.”

येसूबाईने ते हात ओढून आपल्या तापल्या गालांवर घट्ट धरले.

“आई...” आजवर आत्याबाई म्हणणारी ती प्रथमच म्हणाली, “मला तहान लागलीया.”

हरणाबाईने त्याच हातांनी तिला गोळी भरवली, पाणी पाजलं.

पुढे कावीळ उतरली. दुखणं मात्र जन्मभर सोबतीला राहिलं. पण ते येसूबाईला पुन्हा कधी एकटीने सोसावं लागलं नाही.