एका दमातली रेघ

साल दोन हजार चोवीस. भाद्रपद, हरितालिकेची रात्र. पाऊस थांबला होता. दिवा असू दे. घाबरायचं तर उजेडातही घाबराल. गोष्ट भांडुपच्या दशरथची. मी त्याला ओळखतो. तो खोटं बोलत नाही.

दशरथ टेंभीपाड्यात धोंडिरामच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला. त्या रात्री तो लताकाकीकडे बारीक कुंचला आणायला गेला. लताकाकी म्हणजे धोंडिरामची बायको. धोंडिराम आषाढात वारला होता. घरगुती मूर्ती दशरथने रंगवल्या, पण एकीलाही डोळे नव्हते. डोळे सगळ्यांत शेवटी काढतात, आणि ते काढायचा फक्त धोंडिराम. सकाळी माणसं मूर्ती न्यायला येणार.

"तुझी जपानी बाई झाली का रे पुरी? की अजून टकलीच?" काकीने कुंचला देत विचारलं.

"टकलीच, काकी."

"मग डोळे कसे काढशील?"

दशरथ कुंचला बोटांत फिरवत राहिला.

"ह्यांनी तुझ्या बापाला शब्द दिला होता. पोराला डोळे शिकवीन म्हणून. जाताना तेवढंच बडबडत होते."

जपानी बाई म्हणजे जुन्या कॅलेंडरवरचं लाकडी ठशाचं चित्र. मान तिरकी, नाक लांब, केसांच्या रेघा सुईने ओढल्यासारख्या. धोंडिराम दशरथकडून तीच उतरवून घ्यायचा. आधी रेघ, मग रंग. म्हणायचा,

"एका दमात ओढ. मधी श्वास घेतलंस, तर केस तुटतलो. ही बाई जमल्याशिवाय देवाच्या डोळ्यांका हात लावू नको."

वर्षभर दशरथचा केस तुटतच होता.

कारखान्यात येऊन त्याने आतून कडी लावली. चित्र समोर टांगलेलं, खाली कागदावर तिचा नुसता चेहरा, केसांविना. त्याने तिकडे पाहिलंच नाही. थेट पहिल्या मूर्तीपुढे बसला. शेजारच्या चाळीत बायकांचा जागर चालला होता. त्याने कुंचला उचलला.

हात पुढे जाईना.

त्याने जोर केला. हात मागे वळला. कागदाकडे. मनगटावर काहीतरी बसलं होतं. थंड. पाटीवर अक्षर गिरवताना मास्तर वरून हात धरतात, तसं.

"काका...?"

कागदावर बाईच्या कपाळापासून केसाची रेघ निघाली. तुटली. हात परत कपाळाशी. रेघ. तुटली.

"काका, सकाळी लोक येतील. सोडा."

पकड आवळली.

त्याने डाव्या हाताने चाचपलं. नुसती हवा... आणि पकड तशीच. दार समोर होतं. उठता येईना. जागर थांबला. दशरथ रडत होता. रेघ. तुटली. रेघ...

शेवटी त्याने हात ओढणं सोडलं. दम धरला.

रेघ कपाळापासून निघाली. कानामागून वळली. मानेवर उतरली.

तुटली नाही.

हात हलका झाला.

उजाडेपर्यंत दशरथने सगळ्या मूर्तींचे डोळे काढले. एकट्याने. कोणी धरलं नाही.

कडी वाजली. त्याने दार उघडलं. लताकाकी आत आली. एकेका मूर्तीपुढे थांबली. मग तिची नजर दशरथच्या उजव्या मनगटावर गेली. तिथे चार बोटं उमटली होती. शाडूची, पांढरी. तिने पदराने पुसली. पाणी लावून चोळली. निघाली नाहीत.

"शब्द पाळला त्यांनी," ती म्हणाली.