ख्मावचा कोपरा

आमच्या तोनले साप नावाच्या तळ्यावर घर जमिनीवर नसतं, पाण्यावर असतं. खाली बांबूच्या मोळ्या, वर फळ्या. पाणी चढलं की घर ओढून रानाकडे न्यायचं, ओसरलं की पुन्हा खोल पाण्यात. दोर सोडण्याआधी थोरल्या बाईने दारात उभं राहून घरातल्या एकेकाला नाव घेऊन बोलवायचं, स्वतःलासुद्धा. नाहीतर माणूस घराबरोबर जातो आणि जीव जुन्या जागी राहतो, असं म्हणतात. मेलेल्याला मात्र हाक घालायची नाही.

फल्लाने नेमकी तीच चूक केली.

ख्माव म्हणजे तिचा काळा कुत्रा. नवरा वारल्यावर फल्ला धड उभी राहिली ती त्याच्यामुळे. घर हलवताना तो होडीत बसायचा नाही, मागून पोहत यायचा आणि वर चढून अंग झाडत सगळ्यांना आंघोळ घालायचा. उन्हाळ्यात तो म्हातारपणाने गेला. तिच्या मुलाने, वुत्थीने, त्याला काठावर चिंचेखाली पुरलं. पुढे पाणी चढलं, चिंच बुंध्यापर्यंत बुडाली आणि घर हलवायचा दिवस आला. फल्लाने मुलाला बोलावलं, स्वतःला बोलावलं आणि जिभेच्या सवयीने म्हणून गेली, "ख्माव, चल रे राजा."

वुत्थीने ऐकलं आणि दोर सोडले.

नव्या जागी एका दुपारी फल्ला पाण्याची वाटी समोर ठेवून मासे साफ करत बसली होती. घर पुढच्या डाव्या कोपऱ्यात जरासं दबलं. आमची घरं हलकी, मांजर आलं तरी कळतं. फल्ला तर अंगाने भारी. ती बसली की घर तिच्या बाजूला कलायचं आणि नवरा चिडवायचा, "सांभाळा, तळं चढलं." पण ती आज उजवीकडे होती आणि वाटीतलं पाणी डावीकडे कललेलं होतं. तो ख्मावचा झोपायचा कोपरा. ऊन उतरल्यावर वाटी सरळ झाली. ख्माव उठायचा तो त्याच सुमाराला.

मग हे रोजचंच झालं. वुत्थीने बुडी मारून बांबू चाचपले, त्या कोपऱ्याखाली नवी मोळी घातली. दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा कलली.

"लाटेने होत असेल, आई."

"असेल बाबा," फल्ला म्हणाली आणि माशाचं डोकं त्या कोपऱ्यात ठेवून आली. तिथल्या फळ्या ओल्या असायच्या, ओल्या केसांचा वास यायचा. खोटं कशाला बोला, त्या दिवसांत फल्ला सुखात होती.

तरी मनाला टोचणी होतीच. शेवटी तिने विहारातल्या म्हाताऱ्या आचार्यांना विचारलं. त्यांनी सुपारी चघळत सगळं ऐकून घेतलं.

"तू बोलावलंस, तो आला. इमानी जात. पण फल्ला, त्याचा पुढचा जन्म खोळंबलाय गं. ह्या खेपेला तोंड आवर."

पाणी ओसरलं. हलवायच्या दिवशी सकाळी फल्ला दारात उभी राहिली. "वुत्थी, चल रे बाळा," ती म्हणाली.

डावा कोपरा हलला. तो उठून उभा राहिला होता, आपल्या नावाची वाट बघत.

नाव अगदी फल्लाच्या ओठांवर आलं. तिने गळ्यातला पंचा तोंडात कोंबला आणि हातानेच मुलाला खूण केली. दोर सुटले.

तिने मागे वळून पाहिलं. घर होतं तिथल्या मोकळ्या पाण्यात एक लहानसा तरंग गोल गोल फिरत होता. तो मागे आला नाही. दिसेनासा होईपर्यंत ती रडत राहिली.

नव्या जागी घर कसं समतल होतं. वुत्थी खूश झाला. "बघ, बांबूच होता," म्हणाला आणि जाळी टाकायला निघून गेला.

फल्ला ख्मावच्या कोपऱ्यात जाऊन बसली. समोर वाटी होती.

पाणी कललं नाही.

ती उठली. पुन्हा बसली, सगळा भार टाकून.

वाटी तशीच.

तिने सकाळ आठवून पाहिली. वुत्थीला हाक घातली होती. त्यानंतर पंचा तोंडातच राहिला होता, स्वतःचं नाव घ्यायचं राहून गेलं होतं.

दुपार टळटळीत होती, फळ्या कोरड्याठाक होत्या. फल्लाच्या गालावर गार थेंब उडाले, जवळच कुणी भिजलेलं अंग झाडावं तसे.