अकरा मुलांचे साचे

च्याई शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "ल्याव डॉक्टर, दीड वर्षापूर्वी आला असतात तर..."

"दीड वर्षापूर्वी कशाला?" मी विचारलं. "गाठ मागच्याच आठवड्यात लागली ना हाताला?"

सू-चन खाली बघत राहिली. तेव्हा मला कळलं, की तिला सगळं ठाऊक होतं.

मला रडू आलं नाही. राग आला. वाढत्या मुलांचे दात आणि जबडे सरळ करणारी डॉक्टर ती. "सातव्या-आठव्या वर्षी आणायला काय झालं होतं? हाड तुमच्यासाठी थांबत नाही," असं आयांना झापायची. आणि स्वतः दीड वर्ष थांबली.

"अकरा मुलं अर्ध्यावर होती," परत येताना ती म्हणाली. "उन्हाळा संपला की बघू म्हटलं."

मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आमची सुरुवातही रागातूनच झाली होती. सत्तावीस वर्षांपूर्वी. मुलांच्या टाळूला बसणाऱ्या, दात सरळ करणाऱ्या प्लेटा मी करतो, तारा वाकवतो; लोक मला को मिस्त्री म्हणतात. एका दुपारी माझ्या कारखान्याचं दार उघडलं आणि एक बुटकी मुलगी पांढऱ्या कोटात आत आली. हातात माझीच प्लेट.

"हे कोणी केलं?"

"मी."

"तारेचं टोक घासलं नाही. माझ्या पेशंटची हिरडी फाटली. कधी तोंडात घालून पाहिलंय?"

"तोंडात घालायला मी काय आठ वर्षांचा आहे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. माझी हनुवटी पुढे आहे, खालचे दात वरच्यांच्या पुढे बसतात.

"आठ वर्षांचे असताना कोणी आणलं नाही वाटतं," ती म्हणाली. आवाज जरा उतरला होता. "उद्या दवाखान्यात या. तुमचं माप घेते. प्लेट तुम्हीच करा आणि सात दिवस घाला. मग बोला."

गेलो. का गेलो ते अजून सांगता येत नाही. तिने माझ्या तोंडात गार गुलाबी लगदा भरला आणि बोटांनी दाबून धरला. दोन मिनिटं. तिच्या बोटांना साबणाचा वास होता. मला बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं.

चौथ्या दिवशी टर्कीच्या मांसाचा भात विकणाऱ्या दुकानात जेवताना मी प्लेट काढून कागदात गुंडाळली. जेवण झालं, ताट उचललं गेलं, प्लेट गेली. मुलं नेमकी अशीच हरवतात. मी घाबरून तिला फोन केला. ती आली आणि तिने बाह्या सरसावून कचऱ्याच्या डब्यात हात घातला.

"डॉक्टर, राहू द्या... मी दुसरी करतो."

"स्वतःची आहे म्हणून दुसरी करता. मुलाची असती तर आईला काय सांगितलं असतं? शोधा."

दोघं गुडघ्यांवर बसून उष्टा भात चिवडत होतो. दुकानाची मालकीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय हरवलं? लग्नाची अंगठी?"

"नाही मावशी, यांच्या दातांची प्लेट."

"अगं बाई! दातांचा पत्ता नाही, अशाशी लग्न करणार?"

सू-चनने मान वर केली नाही. "आधी सापडू दे," म्हणाली.

तिचे कान लाल झाले होते. मी शोधायचा थांबलो.

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "कर गं बाई, कर. अशा हनुवटीच्या माणसाचं म्हातारपण फार सुखात जातं."

आज मी साठीचा आहे. ते सुख कुठे आहे, हे त्या मावशीने येऊन दाखवावं.

सू-चन पाच महिन्यांत गेली. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, "मुलांना आता फांग डॉक्टर बघतील. अकराही मुलांच्या दातांचे साचे आणि कागद त्यांच्याकडे पोहोचव. महिन्याच्या आत. प्लेट घट्ट झाली की मुलं ती घालत नाहीत, केलेलं सगळं मागे जातं."

"तुझी कामं तू कर," मी म्हणालो. "मला सांगितलं नाहीस, आता कामं सांगतेस?"

"बरं, मिस्त्री," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

काल यी-रू नावाच्या मुलीच्या आईचा फोन आला. "को मिस्त्री, हिची प्लेट आता बसतच नाही. काय करू?"

"थांबा," मी म्हणालो.

"किती दिवस?"

मी फोन ठेवला.

सू-चनला जाऊन दोन महिने झाले. अकरा साचे तिच्या कपाटात आहेत. फांग डॉक्टरांचा दवाखाना सायकलवरून दहा मिनिटांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.