कुम्रूचा पायबंद

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. हसणाऱ्यांनी धुक्याच्या दिवसांत एकदा आमच्या ताशोलुकला येऊन दाखवावं. चहा माझ्याकडून.

आणि भुतं रात्रीच फिरतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगते...

हे सगळं दिवसाढवळ्या घडलं.

काराडाग डोंगराच्या पायथ्याशी, आमच्याच गावात. दारं उघडेनात इतका बर्फ पडला होता, त्या हिवाळ्यात. घडलं ते माझ्या सख्ख्या मामाबरोबर.

हिदायेतमामाची सफरचंदाची बाग होती. झाडं त्यानं स्वतः लावलेली, पाणी खांद्यावरून वाहून जगवलेली. पुढच्या वर्षी पहिला चांगला बहर धरणार होता. त्याचा एकुलता एक मुलगा केनान दूर इझमितला कारखान्यात होता. उन्हाळ्यात येऊन तो बोलून गेला होता, "बाबा, बाग धरली की मी तिकडचं सोडतो. इथंच येऊन राहतो."

झालं. तेव्हापासून मामाचा जीव त्या झाडांत अडकला.

आणि नेमके घोडे मागे लागले.

आमच्याकडे रीतच आहे. म्हाताऱ्या, बिनकामाच्या घोड्याला शरद ऋतूत डोंगरावर मोकळं सोडतात. नाल काढायचे, दावं काढायचं, कपाळाला कपाळ लावून म्हणायचं, "तुझा हक, तुझ्या कष्टांचं देणं, मला माफ कर. जा." एकदा हे शब्द बोलले की त्या जनावराला पुन्हा कुणी लोखंड लावायचं नाही. शेंबडं पोरही हे जाणतं.

अशा सुटलेल्या घोड्यांचा डोंगरावर मोठा कळप झालाय. हिवाळ्यात गवत संपलं की ते खाली उतरतात, कुंपणं मोडतात आणि कोवळ्या झाडांची साल खातात. साल चहूबाजूंनी गेली की झाड गेलं.

मामानं काय नाही केलं? काटेरी तार ओढली. तारेला तेलाचे रिकामे डबे बांधले. कुत्रा बांधला. जुने टायर जाळून सगळ्या गावाला खोकायला लावलं. उपयोग शून्य. कळपाची म्होरकी होती कुम्रू नावाची करडी घोडी. ती खांबाला छाती लावायची आणि हळूहळू रेटत राहायची. खांब कलला की तारेवरून पलीकडे. तिच्यामागे सगळी वरात.

मामा कपाळाला हात लावायचा. म्हणायचा, "ही घोडी नाही, इंजिनिअर आहे."

कुम्रू मूळची सातिल्मिश आजोबांची. ते आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. त्यांनीच तिला शब्द बोलून सोडली होती.

मामाला हे ठाऊक होतं. तरीही त्यानं ते केलं.

एका सकाळी बादलीत जव दाखवून त्यानं कुम्रूला जवळ बोलावलं. ती आली... माणसाळलेलीच होती बिचारी. त्यानं तिच्या पुढच्या दोन पायांत लोखंडी पायबंद अडकवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. म्होरकीच अडकली की कळप कशाला येतो?

"झाडांना गोणपाट गुंडाळून होऊ दे. मग काढतो," तो मामीला म्हणाला.

एलमासमामीनं विचारलं, "सातिल्मिश आजोबांना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? तिला काय जेवायला बोलावतोय?"

दुसऱ्याच दिवशी बर्फ सुरू झाला.

तो थांबेचना. घराबाहेर पाऊल टाकता येईना. वर डोंगरात लांडगे ओरडू लागले. कळप पळाला असणार.

कुम्रूला पळता येणार नव्हतं.

बर्फ जरा खचल्यावर मामा वर पडक्या देवळांच्या दगडांपर्यंत गेला. लांबूनच कावळे दिसले. पुढे जायचं धाडस झालं नाही. घरी आला, चहा घेतला, झाडांना गोणपाटं गुंडाळायला लागला. 

मग धुकं उतरलं.

पायबंद घातलेलं घोडं कसं चालतं, पाहिलंय कधी? पुढचे दोन्ही पाय एकदम उचलतं, एकदम टाकतं.

धप्प...

मग मागचे. टक... टक.

आम्ही लहानपणापासून ऐकलेला आवाज. त्यात चूक होत नाही.

दुपारची वेळ. मामी धुणं पिळत होती. "कुणाचं जनावर आलंय हो?" ती म्हणाली. मामा बागेकडे गेला. धुक्यात हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती.

धुकं विरल्यावर दिसलं, कुंपण जागच्या जागी होतं. पण कुंपणाबाहेर बर्फात खुरांचे ठसे होते... पुढचे दोन एकमेकांना चिकटून. सगळ्या बागेभोवती गोल फिरलेले.

कुठून आले ते दिसत नव्हतं. कुठे गेले तेही नाही.

आणि कुत्रा? एरवी पान हललं तरी भुंकणारा. टोपलीखाली अंग चोरून पडला होता.

मामा मागे न बघता घरात आला. पण खरं सांगू? थोड्या दिवसांनी तो खूशही झाला. कारण कळप यायचाच बंद झाला. गुंडाळायचं राहिलेलं शेवटचं झाडही निवांत गुंडाळून झालं. केनानचा फोन आला, वसंतात नोकरी सोडतोय, बायकोही तयार आहे. मामा मनाशी म्हणाला, फिरेना का ती बाहेर. कुणाचं काय बिघडतंय?

पण ती बाहेर राहिली नाही.

पुढच्या धुक्यात ठसे कुंपणाच्या आत होते. एक तार वाकली नव्हती.

त्याच्या पुढच्या धुक्यात अंगणात.

आणि मग एका दुपारी...

धप्प... टक... टक.

दाराशी येऊन थांबलं.

मामी पोळ्या लाटत होती. लाटणं तिथंच थांबलं. बाहेरून ना खिंकाळणं, ना दाराला धक्का. फक्त कुणीतरी उभं. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता, त्यात दोन काळ्या रेघा होत्या... जवळ जवळ, चिकटलेल्या.

धुकं निवळेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

मामाचं अन्नपाणी तुटलं. बसला तर उठावंसं वाटे, उठला तर कुठे जावं कळेना. अखेर सातिल्मिश आजोबांपुढे जाऊन त्यानं सगळं सांगून टाकलं.

म्हातारा म्हणाला, "लोखंड पायात आहे तोवर ती तुझ्या दारात. काढलंस, तर ती जन्मभर जे करत आली तेच करणार. तुझं तू बघ."

म्हणजे बाग जाणार. बाग गेली की केनान येणार नाही. मामाला हे सांगायला कुणी नको होतं.

किल्ली मुठीत धरून तो घरात बसून राहिला. दुपारनंतर धुकं आलं. धप्प... टक... टक. दाराशी थांबलं. फटीत त्या दोन रेघा.

मामा उठला. मामी आडवी आली. "आणि माझ्या केनानचं काय?"

"त्याला चालता येतंय, एलमास."

मामीनं खुंटीवरचा कोट काढून त्याच्या हातात दिला. दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं.

वर दगडांत हाडं होती. पायबंद हाडांभोवती तसाच, कुलूपबंद. किल्ली फिरली. मामानं तो उचलला आणि घाईघाईनं घराकडे वळला.

निम्म्या वाटेवर मागून टापा ऐकू आल्या. आता धप्प नव्हतं. मोकळ्या चार पायांची दौड. वाऱ्याचा झोत कानाजवळून गेला... दिसलं काहीच नाही.

मग खाली बागेकडे तेलाचे डबे वाजले. एक खांब करकरला. मग दुसरा. मामा जागीच उभा राहिला. ओरडला असता, गाव धावलं असतं. तो ओरडला नाही.

धुकं निवळलं तेव्हा कुंपण चारी बाजूंनी आत आडवं झालेलं होतं. एकही तार तुटली नव्हती. बर्फावर एक ठसा नव्हता. डोंगराचा पहारेकरी पुढे शपथेवर सांगत होता, कळप दिवसभर पलीकडच्या उतारावर होता.

पण झाडं... झाडं जागेवर होती. गोणपाटं तशीच, गाठी मामाच्या हातच्या, घट्ट. मामा वेड्यासारखा हसला. "वाचली गं, वाचली!"

मामीनं एका झाडाची गाठ सोडली.

गोणपाटाखाली साल नव्हती. पांढरंफेक खोड, त्यावर दातांचे ओरखडे.

तिनं दुसरी सोडली. तिसरी. मग मामानंच तिचे हात धरले.

वसंतात केनान आला नाही. भांडला नाही, फोनवर "बघू बाबा" म्हणाला, एवढंच. अजून बघतोच आहे.

सातिल्मिश आजोबा बाग बघायला आले. त्यांनी एकच विचारलं, "लोखंड काढलंस ते बरं केलंस. हक माफ करून घेतलास ना?"

मामाचा चेहरा उतरला. कुलूप काढलं आणि तो पळत सुटला होता. ते शब्द राहिलेच.

तो पायबंद गोठ्यातल्या खिळ्यावर आहे. उघडून ठेवलेला. धुकं पडलं की बंद होतो... कुलूप लागतं. किल्ली खिशात असली तरी. मामा दर वेळी जाऊन उघडायचा, हात जोडून म्हणायचा, "माफ कर." पुढच्या धुक्यात पुन्हा बंद.

मामा गेला, त्याच्यामागून मामीही. केनान आलाच नाही; घर, गोठा आणि किल्ली माझ्याकडे आली. मीही उघडते, तेच शब्द म्हणते. पण घोडी माझी नव्हती, पाय मी बांधले नव्हते. माझं तिनं का ऐकावं?

आज सकाळपासून धुकं आहे. मी अजून गोठ्यात गेलेले नाही.

मघापासून आमचा कुत्रा गप्प आहे.