चार बोटं माझ्या बाजूला

विमानाचं पुढचं चाक जमिनीवरच्या पिवळ्या रेषेपासून चार बोटं सरकून थांबलं होतं. माझ्या बाजूला. मागच्या रविवारी तसंच, त्याच्या मागच्याही.

नंदिनी गावच्या धावपट्टीवरच्या या हँगरमध्ये मी पहिल्यांदा आले ती योगायोगानं. हुडको कॉलनीतले आमचे शेजारी शामरावकाका, स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले, मला त्यांचं दोन आसनी विमान दाखवायला घेऊन आले, आणि नेमका त्या दिवशी एक माणूस कमी पडला. विमान उलटं, शेपटी आधी आत जाईल असं ढकलतात. पुढच्या चाकाला लावलेला दांडा पराग धरतो. तो तिथला मेकॅनिक. पंखांच्या दोन टोकांशी दोघं चालतात आणि भिंत किती दूर उरली ते सांगत राहतात. डावं टोक माझ्याकडे आलं.

“एक वीत,” मी म्हणाले.

“कोणाची, मॅडम?” दांडा धरलेला माणूस गंभीरपणे म्हणाला. “तुमची वीत लहान हाय. माझ्या हिशोबानं तर विमान भिंतीत गेलं.”

त्यानंतर अकरा महिने मी दर रविवारी जात राहिले. जवळच्या चुनखडीच्या खाणीची पांढरी धूळ माझ्या स्टुलावरून आधीच पुसलेली असे. परागच्या थर्मासमधला चहा बिनसाखरेचा, मी पिते तसा… काकांना तो मुळीच आवडत नसे, पण ते काही बोलत नसत.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. चूक सारखी एकाच बाजूला होत असेल तर कारण शोधायचं, ही माझी सवय. फरशीवर गोटी ठेवून उतार पाहिला, नव्हता. चाकांतली हवा पाहिली, ठीक होती. म्हणून आज मी काकांना बाजू बदलायला सांगितलं.

चाक चार बोटं सरकलंच. पण उजवीकडे — जिथे मी होते तिथे.

काकांनी चाकाकडे पाहिलं, मग परागकडे. “रेषा खाली हाय रे बाप्पा. तू कुठं पाहून राहिला?” एवढं बोलून ते गाडीकडे निघून गेले.

परागचे कान लाल झाले. तो स्वच्छ दांडाच पुन्हा पुसत बसला.

हैदराबादच्या प्रयोगशाळेचं नेमणूकपत्र पाच आठवडे माझ्या पर्समध्ये होतं. उत्तर उद्यापर्यंत द्यायचं होतं. परागला मी ते पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं. चांगली नोकरी आहे, जा, असं तो म्हणाला होता, आणि मी पाच आठवडे त्याच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. आज मी सरळ विचारलं, एवढं पाहतोस तर बोलत का नाहीस.

त्याचं फडकं दांड्यावर थांबलं.

“मी बोललो अन् तुम्ही थांबून गेल्या तर?” तो हळूच म्हणाला. “तुमची एवढी मेहनत… मग मलेच जिंदगीभर लागत राहील ना.”

म्हणजे माझी वाट अडू नये म्हणून तो गप्प होता. आणि मी, त्यानं अडवावं की नाही हेच ठरवता येईना म्हणून. पंखापलीकडून ऊन त्याच्या हातावर आलं होतं. मी तो हात धरला. दांडा खाली पडला, दोघांनीही उचलला नाही.

“मी जाऊन राहिली, पराग,” मी त्याच्याच बोलीत म्हणाले. “उद्या होकार कळवते. अन् आज घरी सांगते, का मले लग्न तुझ्याशीच करायचं हाय.”