एका शब्दाची दोन पानं

"उन्हाळ्याच्या पाठीवर, वारा फिरवी गं हात,
हिरवा मणी सुकताना, साखर साठवी पोटात..."

गंगापूर रोडवरच्या चहाच्या दुकानात शेजारच्या टेबलावरून ही ओवी ऐकू आली, आणि तृप्तीचा कप ओठांपाशीच थांबला. ओवी तिची होती. निफाडच्या धोंडाबाईंच्या बेदाण्याच्या वेबसाइटसाठी तिनंच रचलेली.

"आत्या, हे कोण लिहितंय गं?" त्या टेबलावरचा तरुण फोनवर विचारत होता. "बेदाणा विकायचाय की बारसं करायचंय?"

तृप्ती गर्रकन वळली. "विकायचाच आहे. आणि मी लिहिते."

त्यानं वर पाहिलं. रापलेला चेहरा, अंबडच्या कारखान्याचा निळा शर्ट, आणि कैरी चोरताना सापडलेल्या पोरासारखे डोळे... फोन तसाच कानाला, पलीकडून आत्या नाव सांगत होती.

"तुम्ही... तृप्ती मॅडम?"

"आणि तुम्ही?"

"भिका."

"भिकाकाका?" तिच्या तोंडून निघूनच गेलं. वेबसाइटवरच्या काही पानांखाली हे नाव होतं. त्यावरून तिनं मनात पांढऱ्या मिशांचे, टोपीवाले आजोबा बसवले होते.

"आजोबांचंच नाव आहे," तो म्हणाला. "पण काका म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

आत्यासाठी, म्हणजे धोंडाबाईंसाठी, वेबसाइट भिकानं बांधली होती. सुट्टीच्या दिवशी तो त्या वेबसाइटवर लिहायचा. उन्हाळ्यात धोंडाबाईंनी तृप्तीलाही लिहायला सांगितलं, पण विषय तोच दिलाय हे दोघांपैकी कोणालाच कळू दिलं नाही. ऑर्डरी का आटल्या म्हणून भिका आज शोधायला बसला, तेव्हा ही ओवी सापडली.

तृप्तीनं लॅपटॉप त्याच्या टेबलावर सरकवला. "हे बघा. लोक 'निफाडचे बेदाणे' शोधतात. त्या एकाच शब्दावर एक पान तुमचं, एक माझं. गुगल कधी तुम्हाला पुढे करतं, कधी मला. खरं कुठलं, ते त्यालाच कळेना. म्हणून दोघंही इतके मागे, की तिथवर कोणी पोचतच नाही."

"म्हणजे बाहेरच्या कोणी नाही, आपणच आपल्याला पाडतोय?"

"घरचंच भांडण."

फोन अजून चालूच होता. त्यातून धोंडाबाईंचा आवाज आला, "अरं, बाजारात दोन पाट्या मांडल्या की गिऱ्हाईक दुप्पट! म्हनून दोघांना सांगितलं. पर ऐका, दिवाळीच्या ऑर्डरी आल्या नाय, तर ह्ये बंद. सगळा माल व्यापाऱ्याला देऊन टाकीन. लय झालं."

फोन बंद झाला. 

"एकच पान ठेवावं लागेल," तृप्ती म्हणाली. "दुसऱ्यातलं चांगलं त्यात घ्यायचं, आणि दुसऱ्याचा रस्ता पहिल्याकडे वळवायचा. म्हणजे ते उघडायला गेलं, की आपोआप पहिलंच उघडेल."

"ठेवायचं कुठलं?"

"माझं!" दोघं एकदम म्हणाले, आणि चहावाल्यानं मान वर करून पाहिलं.

मग दर शनिवारी भेटी ठरल्या. भांडायला, असं दोघंही घरी सांगायचे. बेदाणा कसा बनतो हे वाचायला येणाऱ्यांसाठी एक पान नीट वेगळं काढलं. खिरीत किती घालावा, हे विचारणाऱ्यांना त्यांचं पान मिळालं. ज्या पानाचा जो शब्द, तो त्याच्या पदरात टाकला. पानं सुटी झाली तशी माणसंही सैल झाली. तिनं कपाळावरची बट मागे सारली की तो वाक्य अर्धवट सोडायचा... आणि ती मुद्दाम विचारायची, "पुढे?"

"पुढे काय... विसरलो."

उरलं फक्त मुख्य पान. तिथं कोणीच हलेना.

"वेलावर कोवळ्या फुटींची गर्दी झाली की आम्ही विरळणी करतो," एकदा भिका म्हणाला. "एक राहते, दुसरी जाते. पण राहिलेलीला कोणी विचारत नाही, शेजारीण गेल्यावर कसं वाटलं ते."

तृप्ती हसली. पण ते वाक्य तिच्याबरोबर घरी आलं.

रविवारी सकाळी भाजी परतताना तिला त्याच्या पानावरची ओळ आठवली. 'बेदाण्यात देठ सापडला तर मला फोन करा. आत्याचा ओरडा मी खाईन.' ती एकटीच खुदकन हसली. हे पान पुसायचं? तिनं गॅस बारीक केला, लॅपटॉप उघडला, आणि मुकाट्यानं आपल्या पानाचा रस्ता त्याच्या पानाकडे वळवून टाकला.

दुपारी धोंडाबाईंचा फोन आला. "पोरी, पान उघडंना! नागपूरचं गिऱ्हाईक म्हनतंय, नुसतं गोल गोल फिरतंय!"

तिनं वेबसाइटच्या आत जाऊन पाहिलं, तर काय! त्याच सकाळी भिकानं आपलं पान तिच्याकडे वळवलं होतं. येणारा माणूस तिच्या दारातून त्याच्या दारात, त्याच्या दारातून पुन्हा तिच्या दारात. पान एकही उघडत नव्हतं.

दुरुस्ती एका क्षणाची होती. पण त्यानं दिलेलं असं परस्पर परत करायला तिचं मन होईना. भिकाला फोन लावला, तर तो फोन घरीच ठेवून गेलेला. "त्यो बागंत हाय, छाटणीला," फोन उचलून धोंडाबाई म्हणाल्या. तृप्तीनं निफाडची बस धरली.

नुकत्याच छाटलेल्या वेलांच्या टोकांतून पाणी ठिबकत होतं. कात्री हातात घेऊन भिका ओळीच्या मधोमध उभा.

"तुमचं पान का काढलंत?" धाप लागली होती तिला.

"ओवी हरवली असती." तो कात्रीकडे पाहत म्हणाला. "मशीनवर उभा असलो की आपोआप तोंडात येते. मित्र हसतात... पण तुम्ही का आलात? काही बिघडलं?"

"मी माझं काढलं. तुमचं राहावं म्हणून."

त्याच्या डोक्यात हिशेब जुळायला थोडा वेळ लागला. मग तो इतका हसला, की पलीकडच्या ओळीतल्या बाया वाकून बघू लागल्या.

"पण माझं कशाला? साधं तर आहे."

"ते वाचलं की... फोन करावासा वाटतो."

"गिऱ्हाइकाला?"

"मला."

वाऱ्यानं एक थेंब तिच्या मनगटावर पडला. तिनं तो पुसला नाही.

"दोघंही वाट देत बसलो, तर लोक रस्त्यातच फिरतील," ती हळूच म्हणाली. "कोणी तरी थांबायला हवं."

"मी थांबतो," भिका म्हणाला. "तुम्ही या."

"कुठे... पानावर?"

"आधी पानावर."

बांधावर बसून त्यांनी ते एक पान लिहिलं. पत्ता त्याचाच राहिला. वर तिची ओवी, खाली त्याचा देठ आणि ओरडा, आणि तिच्या पानाचा रस्ता तिथं येऊन मिळालेला.

दिवाळी जवळ आली, तसं ते पान हळूहळू वर चढलं, अगदी पहिल्या ओळींत. नागपूर, इंदूर, सोलापूर... अंगणात डब्यांची उतरंड लागली. धोंडाबाई चिकटपट्टी दातानं तोडत होत्या, शेजारी दोघं डबे भरत होते.

"व्यापाऱ्याला नाय म्हनून सांगितलं," त्या म्हणाल्या. "बरं, त्या पानाखाली नाव कोनाचं टाकलं?"

"दोघांचं," भिका म्हणाला.

"आडनावासकट?"

"हो, आत्या."

"एका पानाला दोन आडनावं?" धोंडाबाईंनी डोळे बारीक केले. "परत भांडान लागंल. एकच टाका की आता."

भिकाच्या हातातला डबा तिरका झाला आणि मूठभर बेदाणे सांडले. तृप्ती लाजली... पण मान खाली घातली नाही.

"टाकू की, आत्या," ती म्हणाली. "फक्त कोणाचं, ते आम्ही भांडून ठरवू."