रखवालदाराला प्रिन्सेस कट

वडूजच्या एसटी स्टँडमागं पल्लवीचं ब्लाउजचं दुकान. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं – 'फक्त लेडीज'. तरी त्या दुपारी एक उंच, सावळा तरुण पडदा सारून सरळ आत आला. रोज गप्पा मारायला येऊन बाकावर बसणाऱ्या शेजारच्या हरणाबाईंनी पदर सावरून त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"बायकोचा ब्लाउज टाकायचाय?" मशीनवरची मान न उचलता पल्लवीनं विचारलं.

"बायको न्हाई... चिलखत हाय."

मशीन थांबलं.

तो धनाजी. शेजारच्या गल्लीत मोबाइल दुरुस्त करायचा. त्याचे वडील अजून मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडत. हा पठ्ठ्या मात्र फोनमधल्या गेमच्या मुलखात हिंडायचा. त्या गेममध्ये राखेच्या किल्ल्याचा एक रखवालदार होता. त्याचं चिलखत धनाजीला घरीच, फोमच्या शीटचं बनवायचं होतं. महिन्यानं सांगलीच्या एका कॉलेजात अशा पोशाखांची स्पर्धा होती. परीक्षक पुण्याचा, नाटकांचे पोशाख बनवणाऱ्या कारखान्याचा मालक. ज्याचं काम आवडेल त्याला तो नोकरी देणार होता.

"दोन शीटा वाया गेल्या. छाती काय गोल हुईना," धनाजी म्हणाला. "सपाटाला गोलाई आणायचं काम तुमच्याबिगर कुणाला जमणार?"

हरणाबाईंना नेमका तेव्हाच खोकला आला. पल्लवीचे कान तापले... पण हसू काही लपलं नाही.

"मापाचा शर्ट आणून टाका. मी गड्यांचं माप घेत न्हाई. पाटी वाचा."

दुसऱ्या दिवसापासून चारच्या ठोक्याला तो हजर. मोबाइल दुरुस्तीचं गरम हवेचं यंत्र तो फोमवर धरायचा, फोम मऊ झाला की पल्लवी गुडघ्यावर दाबून त्याला बाक द्यायची. चटका बसला की ती "आई गं" म्हणायची आणि तो घाईघाईनं तिच्या बोटांवर फुंकर घालायचा. चटके जरा जास्तच बसू लागले, असं हरणाबाईंचं मत. रखवालदाराच्या खांद्यावर केसाळ कातडं होतं, त्यासाठी धनाजीनं वडिलांचं जुनं घोंगडं आणून दिलं. त्याला मेंढरांचा, रानाचा वास होता. धनाजी निघून गेल्यावर पल्लवी ते घोंगडं उगाच मांडीवर घेऊन बसायची.

"गावातली समदी पोरं मला ताई म्हणत्यात," एकदा ती म्हणाली. "तुमी का न्हाई म्हणत?"

"जीभ वळत न्हाई."

"एवढी जड हाय व्हय जीभ?"

"ह्या एका शब्दाला... लय जड."

तिला तो आवडत होता. लपवण्यात काही अर्थ नाही. पण चिलखत जितकं देखणं होई, तितकी तिला धास्ती वाटे. ते जिंकलं की धनाजी पुण्याला जाणार. एखादा काप वाकडा पडला तर तो इथंच राहील, असंही मनात येऊन गेलं. पण हात वाकडा पडेना. लबाडी मनात होती, बोटांत उतरत नव्हती.

तरीही घोळ झालाच. तिनं सवयीनं कापडाच्या मापानं कापलं होतं. बोटभर जाडीचा फोम आतली जागा खातो, हे ध्यानातच आलं नाही. धनाजी कसाबसा चिलखतात शिरला आणि तिथंच अडकला.

"श्वास..."

"घ्या की."

"जागा न्हाई!"

हसावं की रडावं तिला कळेना. कात्री घेऊन ती त्याच्या काखेखालून जपून कापू लागली. इतक्या जवळ ती कधी आलीच नव्हती.

"एवढं धडधडतंय कशानं? रखवालदार कात्रीला भ्याला?"

"कात्रीला न्हाई..."

मग तो हळूच म्हणाला, "मुद्दाम घट्ट केलं व्हय?"

"न्हाई." तिनं कात्री थांबवली. "जिंकलासा तर... जाणार?"

"जाणार."

तिनं चिलखत पुन्हा कापलं. या वेळी छातीवर दोन्हीकडून ब्लाउजासारखा प्रिन्सेस कट, म्हणजे खांद्यापासून कमरेपर्यंत गोलाई देणारा उभा जोड दिला, बगलेत हूक लावले. ते त्याच्या अंगावर असं बसलं की ती पाठ फिरवून दोरे गोळा करत राहिली.

सांगलीहून तो परतला तो तोंड पाडून.

"पहिला आलो."

"मग? कवा निघायचं?"

"मी न्हाई, तू." तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "त्या मालकानं शिवणीवरनं बोट फिरवलं. म्हणला, असलं कटिंग करणारं माणूस मी हुडकतोय. रंगवणारे, चिकटवणारे हायेत म्हणं. मी तुझं नाव सांगितलं. नंबर बी दिला."

"येडा हायेस का? गप बसायचं हुतंस की!" तीही 'तू'वर आली, ते तिला कळलंही नाही.

"बसलो असतो तर नोकरी गावली असती. पर तुझ्याकडं वर तोंड करून बघता आलं नसतं."

पुण्याच्या त्या मालकाचा फोन खरंच आला. घरच्यांनी आढेवेढे घेतले, मग ऐकलं. धनाजी मात्र एकदाही 'थांब' म्हणाला नाही. उलट बॅग त्यानंच उचलून गाडीत ठेवली. खिडकीतून पल्लवी त्याच्याकडं पाहत राहिली. पुणं काही सातासमुद्रापार नाही, पण चार वाजले की तिथं कोण येणार होतं?

"धनाजी, एकदा 'जाऊ नको' म्हण."

"आन् थांबलीस म्हंजे?"

"थांबणार न्हाई. जाणारच हाय मी. पर म्हण."

कंडक्टरनं घंटी दिली. धनाजीनं खिडकीचा गज घट्ट धरला.

"जाऊ नको, पल्लवी... करमायचं न्हाई मला."

महिनाभर ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते ऐकून तिचे डोळे भरून वाहिले. तिनं गजावरच्या त्याच्या बोटांवर हात ठेवला, घट्ट दाबला.

"येते," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.